काकूंची उसनी चव

आमच्या छापखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी खानावळ आहे. पाटीवर कुणाचं तरी भारदस्त नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे तिला 'कोपरा' म्हणतात. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि दुपारी कोपऱ्यावर जेवतो. कित्येक वर्षं हेच चाललंय.

कोपरा काकूंचा. त्यांचे यजमान होते तोवर ते गल्ल्यावर बसत आणि काकू आत रांधत. ते गेल्यावर काकूंनी स्वयंपाकघराची भिंत कंबरेपर्यंत पाडून घेतली. "आता दोन्हीकडे मलाच बघायचंय, तर मधे भिंत कशाला?" तेव्हापासून शेगडीपाशी उभ्या उभ्या त्यांना सगळी टेबलं दिसतात, आणि आम्हाला काकू दिसतात. बसच्या ड्रायव्हरला रस्सा झणझणीत लागतो, शाळेतल्या बाईंना बटाटे कडेनं लालसर हवेत, मला कच्चा कांदा नको, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, क्षणभर छताकडे बघायचं आणि मान डोलवायची. मान डोलली की आम्ही बाह्या सरसावायचो.

खिडकीजवळचं टेबल कुलूपवाल्यांचं. त्यांचं दुकान रस्त्यापलीकडे, एका खोलीचं, आणि राहायची खोली त्याच्याच वर. काकूंच्या यजमानांचे ते लहानपणचे दोस्त. म्हणून ते काकूंना वहिनी म्हणत आणि काकू त्यांना भावोजी. लग्न केलं नव्हतं. उंच, जरा वाकलेले, आणि बोलायला महाकंजूष. 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर त्यांचं सगळं भागायचं. ड्रायव्हर म्हणायचा, "यांनी सगळ्यात भारी कुलूप स्वतःच्या तोंडाला लावलंय, आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरलेत." त्यावरही कुलूपवाले म्हणायचे, "हं."

एका थंडीत काकूंना ताप आला. साधाच वाटला, पण चांगला रेंगाळला. कोपरा बंद राहिला आणि आम्ही पाव-केळ्यांवर दिवस काढले. कोपरा उघडला त्या दिवशी सगळे वेळेआधीच हजर. काकू वाळल्या होत्या, पण आवाज तोच खणखणीत. पळी, तळहात, छत, मान. आम्हाला हायसं वाटलं.

ताप जाताना काकूंची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आज ना उद्या येईल परत, असं त्यांना वाटत होतं. हात सरावाचा होता, तेव्हा पहिले काही दिवस निभावलं. पण मग शंकेनं पोखरायला सुरुवात केली. मीठ घातलं की राहिलं? जीभ काही सांगेना. मग 'असू दे थोडं' म्हणून पुन्हा एक चिमूट.

एके दुपारी रस्सा इतका खारट झाला, की पहिल्या घासाला माझे डोळे पाणावले. मी इकडेतिकडे पाहिलं. शाळेतल्या बाई पावाचे मोठाले तुकडे करून रस्सा जिरवत होत्या. ड्रायव्हर तांब्यामागून तांब्या रिचवत होता. कुलूपवाल्यांनी नेहमीसारखी वाटी पुसून घेतली. "कसं झालंय?" काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं. "झकास!" आम्ही एका सुरात म्हणालो. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात. आम्ही त्या दिवशी जागलो, आणि तहानेनं रात्रीही जागलो.

पुढच्याच आठवड्यात, भर गर्दीत, दूध उतू जाऊन पातेलं करपायला लागलं. वास सगळ्यांच्या नाकात शिरला. काकू मात्र शेगडीकडे पाठ करून बाईंशी हसत बोलत उभ्या. आम्ही ओरडणार, तेवढ्यात कुलूपवाले उठले. ज्या माणसानं कधी त्या अर्ध्या भिंतीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो आत गेला, शेगडी बंद केली आणि काळं पातेलं मोरीत ठेवून आला. काकूंनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

जेवणारे पांगल्यावर कुलूपवाले परत आले. पुढचं मला काकूंनीच नंतर सांगितलं.

"वहिनी, तुम्हाला वास येत नाही."

"सर्दी झालीय हो," काकू म्हणाल्या.

"चवही कळत नाही."

काकू भांडी विसळत राहिल्या. मग हातातलं फडकं डोळ्यांना लावलं. "तापापासून. माझ्या लेकीला कळवू नका. नर्स आहे ती, उद्याच्या उद्या येऊन मला उचलून नेईल. आणि तिचं तरी काय चुकलं? जिला चव नाही, तिनं लोकांना जेवू घालायचं म्हणजे..." मग एकदम आठवून म्हणाल्या, "त्या दिवशी रस्सा खारट झाला होता का?"

"हं."

"मग मेल्यांनो, एकानंही तोंड उघडू नये? वाट्या पुसून खाल्ल्यात!"

"तुम्ही केला होता ना," कुलूपवाले म्हणाले.

कुलूपवाल्यांनी दोन-तीनदा खाकरून घेतलं. "सकाळी येत जाईन. चव मी बघतो. पण एक अट आहे. तुम्ही जेवायचं. हाडं दिसायला लागलीत."

"कशी जेवू? माती चघळल्यासारखं वाटतं."

"रात्री वरच्या खोलीत एकटा जेवतो, तेव्हा मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "दुपारी बरोबर बसू."

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी ते कोपऱ्यावर यायला लागले. अडचण एकच होती. जीभ चांगली होती, पण ती बोलत नव्हती.

"कसं झालंय?"

"बरं."

"मीठ?"

"हं."

"हं म्हणजे आहे, की हवं?" काकूंनी पळी ओट्यावर आपटली. "भावोजी, जीभ उसनी दिलीत ना, मग अख्खी द्या. अर्धी घेऊन मी काय करू?"

बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. डोळे मिटून पुन्हा एक घोट घेतला. बराच वेळ शोधाशोध केली. शेवटी म्हणाले, "किल्ली आत जाते. पण फिरत नाही."

काकूंनी जरा विचार केला आणि अर्धं लिंबू पिळलं. ते पुन्हा चाखून म्हणाले, "फिरली!" आणि चक्क हसले.

मग रोज हेच. "टोकं बोचतात, कानस मारायला हवी," असं म्हणाले की काकू एक उकडलेला बटाटा कुस्करून घालत. हळूहळू त्यांना शब्द सापडायला लागले. आंबट, तुरट, उग्र, मवाळ. पन्नाशी कधीच ओलांडलेला माणूस नव्यानं बोलायला शिकत होता. आम्हाला एवढंच जाणवलं, की जेवण पुन्हा छान व्हायला लागलंय, फक्त तिखट उतरलंय. कुलूपवाल्यांना तिखट सोसत नसे. ड्रायव्हर खिशात मिरपुडीची पुडी बाळगायला लागला.

मग एकदा काकूंची लेक न कळवता आली. ऐन दुपारची वेळ. सगळी टेबलं भरलेली, म्हणून माझ्या समोरच बसली. एक घास घेतला आणि थांबली. "आई, हा रस्सा तू केलायस?"

आवाज जरा मोठाच होता. सगळ्यांचे हात थांबले. काकू भिंतीला वळसा घालून बाहेर आल्या. "मीच केलाय. पण चव भावोजींची आहे." आणि मग सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तो खारट रस्सा..." ड्रायव्हर म्हणाला. "आणि आम्हाला वाटलं, आमच्यावरच काही राग आहे!"

खानावळ हसली. लेक हसली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दर रविवारी मी फोनवर विचारायचे, काय केलंस, कसं झालं. आणि तू किती रंगवून सांगायचीस!"

"आठवून सांगायचे गं," काकू म्हणाल्या.

लेक आईला न्यायच्या तयारीनंच राहिली. चार दिवसांची रजा काढली, आईच्या बॅगा माळ्यावरून काढल्या. पण रोज दुपारी गर्दी ओसरली की तिला एक गोष्ट दिसायची. खिडकीजवळच्या टेबलावर दोन ताटं वाढली जात. आई घास घ्यायची आणि विचारायची, "हे कसं लागतंय?" आणि समोरचा अबोल म्हातारा सांगायचा, "बटाटा गोडसर आहे. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. कालच्यापेक्षा सरस." आई ऐकत ऐकत चावायची, आणि गोष्टीच्या नादात जेवणाऱ्या पोरासारखं ताट संपवायची. चव गेलेली माणसं जेवणच सोडतात, हे लेकीनं रुग्णालयात पाहिलं होतं. दंड धरून तिनं आईला चाचपलं. अंगावर मांस होतं.

तिनं बॅगा पुन्हा माळ्यावर टाकल्या. जाण्याआधी शेगडीच्या वर धूर लागला की बोंबलणारी घंटा बसवून घेतली. ती कांदा परतला तरी बोंबलते, आणि काकू रोज तिच्याशी भांडतात. निघताना लेक रस्ता ओलांडून कुलूपवाल्यांच्या दुकानात गेली. "काका, तिला एकटीला जेवू देऊ नका."

"नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "रात्रीचंही तिथेच जेवत जाईन."

काकूंची चव आजतागायत परतलेली नाही. आता त्या लपवतही नाहीत. कुलूपवाले आजारी असले, की काकू अर्ध्या भिंतीवर वाटी ठेवतात आणि जो आधी येईल त्याला चाखायला लावतात. माझी पाळी आली तेव्हा मी "छान" म्हणालो, आणि शिव्या खाल्ल्या.

शाळेतल्या बाईंनी एकदा धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही दोघं लग्नच का करत नाही?"

"या वयात नवरा कशाला हवाय?" काकू पोळणाऱ्या पातेल्याचं झाकण काढत म्हणाल्या. "नवरे जेवताना बोलत नाहीत. एवढी मेहनत करून यांना बोलतं केलंय, ते पुन्हा गप्प बसायचे!"

खिडकीजवळ कुलूपवाले कानापर्यंत लाल झाले. काकूंनी ते पाहिलं, हातातलं झाकण बाजूला ठेवलं, आणि त्यांना आणखी एक वाटी रस्सा वाढला.