देवाला वाहिलेलं पोर

मूल नसलेल्या बाईने घरोघर जाऊन सांगायचं की देव कूस उघडतो! आमच्या मंडळीने हे काम नेमकं माझ्याच गळ्यात बांधलं. एकोणीसशे तीसच्या आगेमागे माझे यजमान रत्नागिरीतल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमच्याकडे पाळणा हलला नव्हता. उपासनेला येणाऱ्या बायका तोंडावर म्हणायच्या, "प्रभूची वेळ यायची आहे." मेली कुठली वेळ! तिथे मी "आमेन" म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आदळायचे.

बंदराकडच्या वाडीत एका खलाशाची बायको राहायची. हिंदूच, पण गोष्टी ऐकायची भारी हौस, म्हणून मला ओटीवर बसवून घ्यायची. तिलाही सहा वर्षांत मूल नव्हतं आणि सासूने दुसरी सून बघायला घेतली होती. पावसाळ्यात गलबतं बंद झाली की नवरा घरी येणार, तेव्हाच बार उडवायचा होता. तिला मी आमच्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका निपुत्रिक बाईची गोष्ट सांगितली. सवत टोचून बोलायची, म्हणून ती मंदिरात जाऊन ओक्साबोक्शी रडली. मूल दिलंस तर तुलाच वाहीन, असं देवाला बोलली, आणि देवाने तिला मुलगा दिला.

एरवी मी इथेच थांबायचे. ऐकणारीला धीर यावा, एवढंच. ही मात्र खनपटीलाच बसली. "पुढं काय झालं? नवस फेडला का तिनं?" आता शास्त्रातलं खोटं कसं सांगू? म्हटलं, फेडला. दूध तुटल्यावर पोर मंदिरात नेऊन दिलं.

त्याच पावसाळ्यात तिला दिवस गेले. सवत आली नाही, मुलगा आला. बारशाला मी गेले, हसले, घुगऱ्या खाल्ल्या, आणि परत येताना वाटेत देवाला वाट्टेल ते बोलले. मातीत जीवनाचा श्वास फुंकणारा तूच ना? मग माझी कूस बंद ठेवणाराही तूच! माझ्या तोंडून तिला देतोस आणि माझ्याच तोंडाला पानं पुसतोस?

तीन वर्षांनी एके सकाळी ती आमच्या दारात उभी. कडेवर पोर, हातात त्याच्या कपड्यांचं गाठोडं, डोळे रडून सुजलेले. "बाई, दूध तोडलंय त्याचं. घ्या."

मला काही कळेना. मग तीच म्हणाली, "नवस बोलले होते ना मी, तुमच्या देवाला. कसा फेडायचा ते तुम्हीच सांगितलात. गेल्या महिन्यात ह्याला ताप आला, तेव्हाच समजले. फेडला नाय तर तो ह्याला परत नेणार."

यजमान बाहेर आले. आमचा देव जीव देतो तो मोकळ्या हाताने देतो, परतफेड मागत नाही, पोराला घरी ने, असं त्यांनी परोपरीने समजावलं. तिचा विश्वास बसेना. "गोष्ट बाईंनी सांगितली. बाईंनाच सांगू दे."

तोवर पोर माझ्या मांडीवर होतं. केव्हा घेतलं ते मलाच आठवत नाही. त्याच्या डोक्याला खोबरेलाचा वास येत होता. हा झोपेल कुठे, उद्या पेज कशात देऊ, इथवर माझं मन पोचलं होतं. ठेव, एवढं म्हटलं असतं तर ती ठेवून गेली असती. खोटं का बोलू, तो शब्द अगदी ओठांवर आला होता. दोघंही माझ्याकडे बघत होती. यजमानांना काही दिसलं नाही. तिला दिसलं.

"ने," मी म्हटलं. "देवाने तुला दिलाय." बोलताना जीव नुसता जळत होता.

तिने पोर ओढूनच घेतलं आणि मागे न बघता सुटली. गाठोडं तसंच पायरीवर राहिलं. ते दुसऱ्या दिवशी मी यजमानांच्या हाती पाठवून दिलं.

रविवारी यजमानांनी उपदेशात सांगितलं की त्या बाईच्या मनातली देवाची भीती गेली. खरंच गेली असावी. त्यानंतर बाजारात मी समोरून येताना दिसले, की ती पोराला पदराआड घ्यायची आणि वाट बदलायची.