मामांनी आत्यासाठी होडी घेतली

साऱ्या निजामी मुलखात बैलाची पारख असणारी माणसं गावोगाव सापडली असती, पण बैल पारखतात तशी होडी पारखून घेणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडची रीत, म्हणून ते आमचे मामा. नांदेडला गिरदावर होते. म्हणजे दमणीला बैल जुंपून गावं हिंडायची, शेतं बघायची, पिकांची नोंद ठेवायची. मी शिकायला त्यांच्याकडं राहत होतो, तेव्हा जे सांगतो ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे. थोडं वाढवून सांगतो, हेही कबूल. मामांची गोष्ट न वाढवता सांगितली तर कुणाला खरीच वाटत नाही.

मामांना काहीही विकत घ्यायचं असलं की आधी ते त्या वस्तूभोवती फिरत, तिच्या पाठीवर थाप मारत आणि दुकानदाराकडं न बघता विचारत, "खोड काय हाय?" एकदा कंदील घेताना दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, कंदिलाला कसली आली खोड?" मामा म्हणाले, "नसंल तर इकून कशाला राहिलास?" आणि कंदील न घेता निघून आले. नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ बघायला उदगीरला गेलो, तर नवऱ्यामुलाला त्यांनी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "पोरगं शिकल्यालं हाय, पण उजवा पाय ओढतंय. लांबच्या पल्ल्याला टिकायचं न्हाई." मुलीच्या बापानं तिथंच उपरण्यात तोंड लपवलं. बरं, घेतलेली वस्तू मामा वापरतील तर शपथ! जिवापाड जपायचे. धो धो पावसात कचेरीतून निथळत घरी येत आणि शेरवानीच्या आतून कोरडी ठणठणीत छत्री बाहेर काढत. आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. मामा समजुतीच्या सुरात सांगत, "अगं, छत्री भिजली की गेली."

ही आत्या म्हणजे आमच्या आजोबांची, आबांची, एकुलती एक लेक. विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून तिची कंबर जी धरली ती सुटलीच नाही. हकीमसाहेबांनी बजावून ठेवलं, बैलगाडीत बसायचं नाही. आणि आमचं गाव नांदेडच्या खाली, गोदावरीच्या काठावर. रस्ता काळ्या रानातला. धडधाकट माणूसदेखील गाडीतून उतरला की आपली हाडं जागच्या जागी आहेत का ते चाचपून बघायचा. आत्याची दिवाळी माहेराविना जाऊ लागली. आबांच्या डोळ्यांत वडस वाढत चाललं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्यांचा एकच निरोप असे, "पोरीला धाडा. डोळ्याला दिसतंय तवर धाडा."

मामांनी हे फार मनाला लावून घेतलं होतं. अशात देगलूरच्या पलीकडं एका तलावावरचा गोरा इंजिनीयर विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, पुकारला गेला. मामा गेले होते वेताची खुर्ची बघायला, आत्याच्या कंबरेसाठी. तिथं त्यांना दोन चाकांच्या गाड्यावर बसलेली शिडाची होडी दिसली. जुनीच, पण घाटदार. गाड्याला बैल जुंपावेत, हवी तिथं न्यावी, पाण्यात सोडावी. मामा तिच्याभोवती फिरले, थापा मारल्या, खाली वाकून पोट बघितलं. सौदा करायला साहेबाचा खानसामा होता. आपल्या बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे मामांनी त्याचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली. खानसामा भांबावला. "अजी, हातां कायकू दबारैं?" म्हणून तो ओरडला तरी मामा सोडेनात! शेवटी त्यानं हात सुटावा म्हणूनच हो म्हटलं, असं माझं मत आहे. मग मामांनी आपले बैल जुंपून होडी तलावाच्या बांधावरून दुडक्या चालीनं फिरवून आणली आणि म्हणाले, "चाल चांगली हाय." पाणी तिथंच पायाशी होतं. पण होडी पाण्यात घालून बघावी हे काही त्यांना सुचलं नाही. बैल घेताना त्याला पोहता येतं का, हे कोण बघतं?

होडी दारात आली तेव्हा सारी गल्ली गोळा झाली. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं आणि विचारलं, "अहो, पण हे हाय तरी काय?"

"तुझं माहेर हाय," मामा म्हणाले. "धक्का न्हाई, गचका न्हाई. जाताना पाणी नेतंय, येताना कार्तिकातला वारा आणतोय."

आत्या हसली, आणि मग पदरानं डोळे पुसत आत गेली. तिला एवढं आनंदलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण घोडं इथंच पेंड खायला लागलं. पहिल्या दिवाळीला मामा म्हणाले, "नवं जनावर हाय, घराची सवय होऊ द्या." होडीसाठी त्यांनी पत्र्याचं छप्पर उभारलं. दर अमावास्येला तिला जवसाचं तेल चोळायचे. शीड कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं होतं, आत्याच्या लग्नातल्या शालूच्या शेजारी. पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर होडीच्या नाकालाही हिंगूळ लागला. पाहुणे आले की त्यांना होडीत बसवून चहा मिळे. आत्या दुपारची त्यात टेकून डाळ निवडायची, तेवढाच तिच्या कंबरेला आराम. पुढच्या दिवाळीला नदीचं पाणी गढूळ निघालं. "असल्या पाण्यात घातली तर तेलपाणी सगळं मातीत जाईल," मामा म्हणाले. संध्याकाळी आत्यानं होडीतलं डाळीचं सूप उचलून घरात नेलं आणि पुन्हा तिथं बसली नाही.

हे मात्र मामांना लागलं. तिसऱ्या दिवाळीच्या आधीच त्यांनी गावी निरोप धाडला, येतो म्हणून. नारळ फुटला, हळदीकुंकू झालं, बैलांनी गाडा उलटा नदीत ढकलला आणि होडी पाण्यावर अल्लाद तरंगली. मामा, आत्या, मी, आणि फराळाचे डबे. शीड वर चढलं, आडव्या वाऱ्यानं फुगलं, घाटावरची माणसं ओरडायला लागली. मामांचा चेहरा मी काय सांगू!

घाट मागं पडतो न पडतो तोच आत्या म्हणाली, "अहो, माझे पाय ओले झाले."

"घाटावरचं असंल."

"अहो, घोटे बुडाले!"

फळीफळीच्या फटीतून पाणी वर येत होतं. मामांनी डोक्याचा फेटा सोडून फटीत कोंबला. मी तांब्यानं पाणी उपसत होतो, आणि चिवड्याचा डबा माझ्याभोवती तरंगत होता. कशीबशी काठाकडं वळवली, तर कंबरभर पाण्यात ती तळाला टेकली. शीड वर तसंच फुगलेलं, जणू अजून निघालोच आहोत. कुणाला काही झालं नाही. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

मामा ओल्या धोतरानं काठावर बसून राहिले. वैशाखात वाळून चाकाचे आरे सैल होतात, म्हणून दर साली ते स्वतः चाकं काढून नदीत भिजत घालायचे. होडीच्या गाड्याचीसुद्धा घालायचे. लाकूड वाळलं की सुटतं, भिजलं की धरतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. होडीकडं बघत ते म्हणाले, "चाकं भिजवली मी. हिला कोरडी ठेवली." माझं हसू तिथंच जिरलं.

तिकडं गावी आबा सकाळपासून घाटावर बसले होते. स्वतःला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, पांढरं शीड दिसलं की हाक मारा. दिवेलागणीला आमच्या वडलांनी त्यांना उठवलं तेव्हा ते म्हणाले, "वारा पडला असंल. उद्या येईल." मार्गशीर्षात आबा गेले.

होडी नदीतच राहिली. भिजून भिजून तिच्या फटी आपोआप मिटल्या, तरंगायला लागली. भोई लोकांनी ती जाळी टाकायला नेली. मामा तिकडं फिरकले नाहीत.

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मामांनी हकीमसाहेबांना विचारलंसुद्धा नाही. दमणीत कडबा घातला, त्यावर घरातल्या होत्या तेवढ्या गाद्या, त्यावर आत्या. बैल मी हाकले. मामा गाडीच्या पुढं चालत निघाले, चाकोरीतला एकेक धोंडा उचलून बाजूला टाकत, खड्डा आला की गवताचे पेंढे अंथरत. गिरदावरसाहेब धोंडे येचून राहिलेत म्हणून रानातली माणसं धावत यायची. मामा त्यांना हात लावू देत नव्हते. मुक्काम केला, पुन्हा निघालो. वाटेत आत्याच्या तोंडून हाय म्हणून निघालं नाही. मला वाटलं, दुःखात कंबरेचं भान नसेल.

दाराशी गाडी थांबली. मी विचारलं, "आत्या, कंबर लई दुखती का?"

"न्हाई रे," ती म्हणाली. "कुठं गचकाच बसला न्हाई." मग मामांकडं बघितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, बोटं फुटली होती. ती म्हणाली, "अहो, असं आणलं असतं तर मी तवाच आले असते."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला मामांचा राग आला, आणि त्यांच्याकडं बघवेना इतकी दया आली. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला तशी आत्या घाईघाईनं उठू लागली. मामांनी मातीचे हात धोतराला पुसले, तिच्यापुढं केले आणि म्हणाले, "हळू उतर. आता घाई न्हाई."