छत्री बंड

निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकले म्हणून धाराशिवात सगळे मला हुशार समजत. मी गप्पच राहत असे, त्यामुळे तो समज टिकून होता.

शेजारचे चाचा बँडमास्तर होते. पावसातही छत्र्या धरून वाजवतात म्हणून त्यांचा ‘छत्री बँड’. नव्या ढोलावर ते नाव त्यांनी मला रंगवायला सांगितलं. वरात निघायच्या बेतात होती. नाव लिहून मी ब्रश खाली ठेवला तोच ढोलवाला ओरडला, “चाचा, हितं ‘छत्री बंड’ लिवलंय की!”

मी ‘ब’वरच्या टिंबाखालची चंद्रकोर विसरले होते.

“निजाम तर गेला, बेटी,” चाचा म्हणाले, “आता बंड कुणाशी? नवरदेवाशी?”

सगळे हसले. माझे कान तापले. तेलरंग पुसता येईना. मग टिंबाखाली मी वाऱ्यानं उलटलेली इवलीशी छत्री काढली. ‘बंड’चं ‘बँड’ झालं.

चाचांनी मान तिरकी केली. “छत्रीला दांडा कुठं हाय?”

“ढोलवाल्याच्या हातात आहे की,” मी म्हणाले.

ढोलवाल्यानं हातातल्या दांड्याकडं पाहिलं, आणि हसत हसत ढोलावर पहिला ठोका दिला.