खालच्या खिळ्यावरचं फडकं

अनसूयाबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. कळंबहून त्यांचा भाचा एसटीने आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, आत्या गेली. काल सांजच्याले." मी सूप खाली ठेवलं. अशा वेळी आधी रडू येतं म्हणतात. मला आधी शेटजी आठवले आणि अंगाचा तिळपापड झाला. आता महिना उलटून गेला, तरी तो राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं असा रिवाज आहे. बाईंना गोडाचं फारसं कौतुक नव्हतं, तेव्हा मी जे घडलं ते लिहिते.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बालवाडी निघाली. गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याने आपल्या गोदामाची एक फरशीची खोली दिली आणि तेवढ्यावर अध्यक्षपद घेतलं. गाव त्यांना शेटजी म्हणे. इथेही तेवढंच पुरे, नाव छापून त्यांना मोठं करायची माझी तयारी नाही. बाई कळंबहून एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या आणि मी त्यांची मदतनीस झाले. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. कुणाचं केलेलं त्या विसरत नसत, उपकारही नाही आणि अपकारही नाही. "मले माफ करणं जमत नाही बापा, लहानपणापासून सवय नाही," असं त्या हसत सांगायच्या... आणि ते खरं होतं.

आठवड्याचा एकेक दिवस त्यांनी एकेका कामाला दिला होता. सोमवारी हात-पाय-नखं. मंगळवारी मातीकाम, आमच्याकडची काळी माती वाळली की तडकते, म्हणून कुंभाराकडून चिकणमाती आणायची आणि तिचे बैल, चुली, भाकरी करायच्या. बुधवारी तूर, ज्वारी आणि सरकी एकत्र मिसळून लेकरांपुढे ठेवायची आणि त्यांनी ती बोटांनी वेगळी करायची. गुरुवारी बटणं आणि बंद बांधणं. त्यासाठी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या एका बाईने जाड कापडावर कवड्या लावून असे सुरेख तुकडे शिवून दिले होते की मलाही ते खेळत बसावंसं वाटे. शुक्रवारी पाणी. बोरीच्या बाजारातून आणलेल्या छोट्या लोट्यांमधून वाटीत पाणी ओतायचं, न सांडता. लोटी अर्धीच भरायची, चार वर्षांच्या हाताला तेवढंच पेलतं. आणि सांडलंच, तर भिंतीला मुलांच्या उंचीवर एक खिळा ठोकलेला होता, त्यावर फडकं. ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं. मोठ्यांनी मदत करायची नाही, रागवायचंही नाही, फक्त फडकं हातात देऊन एक ठरलेलं वाक्य म्हणायचं.

तांड्यावरची पाच लेकरं येत होती. त्यांच्या घरी गोरबोली. आमची मराठी त्यांना सुरुवातीला कळतच नसे. जमनी म्हणून त्यात एक होती, कपाळावर बट, नाक कायम वाहतं, दिवसभर याडी याडी करून आईसाठी रडायची. तिला पहिलं अख्खं मराठी वाक्य आलं ते शुक्रवारचंच, कारण त्या खोलीत तेच सगळ्यात जास्त वेळा बोललं जाई.

एका गुरुवारी शेटजी आले. "बाई, शनिवारी यवतमाळचे पावणे येऊन राह्यले बालवाडी पाहाले. त्या तांड्यावरच्या पोट्ट्यायले त्या दिवशी घरी ठेवा."

"काहून?" बाईंनी विचारलं.

"चांगलं दिसत नाही. अन् पुढच्या महिन्यापासून जागाही पुरत नाही म्हणतो मी. काय समजलं?"

बाई म्हणाल्या, "समजलं." एवढंच. मला वाटलं, नमल्या. शेटजी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "शनिवारी सकाळी तूच तांड्यावर जाय. पाचही जणाले घेऊन ये. धुतलेलं, पुसलेलं नको. रोजच्यासारखं."

शनिवारी पाहुणे आले. अधिकारी, त्यांच्या पत्नी, आणखी दोघेतिघे. पाच लेकरं पाहून शेटजींचा चेहरा उतरला, पण चारचौघांत बोलणार काय? बाईंनी सगळा आठवडा एका सकाळीत मांडून दाखवला. मग गोड आवाजात म्हणाल्या, "शेटजी, तुम्ही बसा ना पाटावर. अध्यक्षांनी पाणी ओतून दाखवलं तं लेकरायले आनंद वाटते." पाहुण्यांनीही आग्रह केला. लोटी बाईंनी स्वतः भरली. मी शेजारी उभी होते, मी पाहिलं... काठोकाठ भरली. शेटजी धोतर सावरत बसले, लोटी उचलली आणि निम्मं पाणी फरशीवर.

जमनी उठली, खिळ्यावरचं फडकं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "तुनं सांडलं. तूच पूस."

अधिकाऱ्यांच्या पत्नी कौतुकाने म्हणाल्या, "पुसा हो अध्यक्षमहाराज, मुलांसमोर नियम म्हणजे नियम." आणि शेटजींनी गुडघे टेकून पुसलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ही कसली अभिनव पद्धत म्हणून. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, पण त्यांचा पदर हसण्याने हलत होता. इतक्या वर्षांत इतकं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही.

त्याची किंमत मात्र वसूल झाली. महिन्याच्या आत बाईंना काढलं आणि जागा नाही म्हणून तांड्याची लेकरंही गेली. हे शेटजींनी केलं. टाळ्या खिशात घातल्या आणि सूड पाच लेकरांवर काढला. बाई पेटी उचलून तांड्यावर राहायला गेल्या आणि तिथे निंबाखाली सोमवार ते शुक्रवार पुन्हा सुरू केला. पगार नाही, छप्पर नाही, तरी कित्येक वर्षं चालवला. उन्हाळ्यात धुळीने त्यांची छाती भरायची, खोकला जाईना, शेवटी भाच्याने कळंबला नेलं. बालवाडीतून जाताना त्यांनी एकच वस्तू नेली होती, ते फडकं. आजारपणात मला म्हणाल्या, "हे तुह्यापाशी ठेव. लागंन." कशाला, ते मी विचारलं नाही.

ते मला शोकसभेत कळलं. सभा त्याच फरशीच्या खोलीत भरली होती. शेटजींनी फोटोला हार घातला, डोळे टिपले आणि म्हणाले, "बाई माह्या लेकीसारख्या होत्या. तांड्यावरच्या लेकरायसाठी ही बालवाडी आम्ही दोघांनीच उभी केली." लोक माना डोलवत होते. मी उठले, पिशवीतून फडकं काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, "शेटजी, तुम्ही सांडलं." लोकांना काही कळलं नाही. त्यांना कळलं. हात पुढे आला आणि अर्ध्यातून मागे गेला. मी तशीच उभी राहिले, सभा उठेपर्यंत. त्यांनी घेतलं नाही.

आता ते माझ्या स्वयंपाकघरात आहे. चार वर्षांच्या लेकराच्या हाताला येईल इतका खाली मी भिंतीत खिळा ठोकून घेतला आणि त्यावर ते टांगलं. येणारे-जाणारे विचारतात, एवढ्या खाली कशाला. मी सांगते, गावातल्या एका माणसाचं पुसायचं राहिलं आहे. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्याला वाकावं लागेल.