शेवटच्या पेटीतील दोन डबे

सरवरी अब्दुल शेख. जन्म १९५१, खर्डा, तालुका जामखेड. मृत्यू २०२४, त्याच गावी. व्यवसाय : सांगणारीण.

या व्यवसायाविषयी नव्या पिढीसाठी दोन शब्द. इंग्रजी आपल्याकडे कचेरीपुरती आली आणि कचेरीतच राहिली. गाण्या-खेळांत जगातील कोणत्याही एका भाषेचे राज्य कधी झाले नाही. कैरो, ओसाका, लिस्बन येथील चित्रपट आपापल्या बोलीत आमच्या जत्रांत येत. माझ्या शाळेतील मुले लिस्बनची गाणी शिट्टीवर वाजवीत. तंबूत पडद्याशेजारी ध्वनिक्षेपक घेऊन एक व्यक्ती बसे आणि कथा मराठीत सांगे. जिल्ह्यात असे अकरा सांगणारे होते. स्त्री एकच.

१९७९ च्या जत्रेत कैरोहून ‘नावाडी’ हा चित्रपट आला. सरवरीबाईंचे पती अब्दुलभाई यंत्र चालवीत. शेवटच्या पेटीत रिळांचे दोनच डबे होते, अकरावा आणि बारावा. त्यांच्यावरील आकडे पुसले गेले होते. परंतु पाठवणाऱ्याने आपल्या लिपीच्या रिवाजाप्रमाणे ते डबे उजवीकडून डावीकडे मांडले होते. अब्दुलभाई मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी डावीकडचा डबा आधी लावला.

मी पहिल्या रांगेत होतो. वितरकाने सोबत धाडलेले उर्दू कथापत्रक सरवरीबाईंनी मला आधीच दाखवले होते : नावाडी बहिणीच्या लग्नाला घरी येतो, आणि मग पुरात बुडतो. पडद्यावर मात्र लग्नाआधीच प्रेत काठाला लागले. बाई थांबल्या.

“अवो बाई, जीभ गिळली का?” मागून काकासाहेब भेळवाले ओरडले.

प्रेताचा चेहरा वाळूत होता. बाई म्हणाल्या, “रडू नका. सदरा त्याचा हाय, मानूस दुसराच हाय.”

पुढच्या रिळात नावाडी हसत मांडवात शिरला. तंबू अक्षरशः उसळला. त्या गदारोळात आक्काबाई नावाची शेतकरीण उठून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा अजिनाथ नदीच्या पुरात गेला होता आणि हाती लागला होता फक्त सदरा. भावकीने तेवढ्यावर त्याचे दिवस घातले होते.

“बगितलं का रं?” ती भावकीकडे वळून म्हणाली. “सदरा गावला म्हंजी मानूस गेला व्हय?”

दुसऱ्या दिवशी अब्दुलभाईंच्या लक्षात चूक आली. त्यांनी डबे योग्य क्रमाने लावायला घेतले, तोच आक्काबाई सारी भावकी घेऊन तंबूच्या दाराशी हजर झाली. सरवरीबाईंनी तिला पाहिले.

“कालच्यावानीच लावा.”

“अगं, ती चूक हाय.”

“कालची चूक हुती. आजची ठरवून हाय.”

मी क्रमाला जपणारा माणूस. मी हरकत घेतली. बाई म्हणाल्या, “गुरुजी, तुमी हजेरी घेता. आलेल्याला गैरहजर लावता का?” मी जाऊन पहिल्या रांगेत बसलो.

प्रत परत मागायला कोणी आले नाही, आणि त्यानंतर दरवर्षी जत्रेत ‘नावाडी’ त्याच क्रमाने लागत राहिला.

२०२२ साली कैरोच्या चित्रसंग्रहालयातून नवाल नावाच्या विदुषी दुभाष्यासह खर्ड्याला आल्या. तिकडच्या सर्व प्रती आगीत गेल्या होत्या. जगात उरलेली एकमेव प्रत आमच्या पत्र्याच्या गोदामात होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “रिळांचा क्रम हाच का?” दिग्दर्शक हयात नव्हते. बाई ‘होय’ म्हणाल्या असत्या, तर जगभर तेच प्रमाण ठरले असते. आणि खरा क्रम सांगावा, तर नव्वदीकडे झुकलेली आक्काबाई शेजारीच बसलेली.

बाईंनी आक्काबाईला चहा टाकायला आत पाठवले. मग ट्रंकेतून कथापत्रक काढून पाहुणीच्या हाती दिले. “खरा क्रम ह्यात हाय. तुमचं तुमी न्या. पर खर्ड्याला जी नक्कल द्याल, ती आमच्या क्रमानं द्या. आक्का हाय तवर.”

दुभाष्याने नवालबाईंना पत्रक वाचून दाखवले, आणि बाईंनी सांगितलेली अजिनाथची हकीकतही ऐकवली. मग नवालबाईंनी आत, चुलीपाशी बसलेल्या आक्काबाईकडे पाहिले आणि सरवरीबाईंचे हात आपल्या कपाळाला लावले.

चहा घेऊन आलेल्या आक्काबाईने दुभाष्याला विचारले, “ह्यांच्या गावचाच का तो नावाडी? बरा हाय न्हवं?”

दुभाष्याने नवालबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “घरी आहे.”

सरवरीबाईंच्या निधनानंतर जे ठरले ते असे. मूळ प्रत कैरोला आहे. तेथे चित्रपट खऱ्या क्रमाने दाखवतात. नवालबाई लिहितात की, एकदा त्यांनी तो खर्ड्याच्या क्रमानेही दाखवला आणि दिवे लागल्यावरही कोणी उठले नाही. खर्ड्याची नक्कल बाईंच्या ध्वनिमुद्रित आवाजासह दरवर्षी जत्रेत दुपारी लागते. त्या दिवशी मी, आता राहतो त्या सावेडीहून येतो. कथापत्रकाची प्रत माझ्याकडे बंद पाकिटात आहे. आक्काबाईंच्या पश्चात ती गावाला वाचून दाखवण्याचे काम माझ्यावर आहे. मी स्वतः एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. यंदाही आक्काबाई पहिल्या रांगेत होत्या, आणि शेजारची एक जागा त्यांनी पिशवी ठेवून धरली होती.