महादूमामांचा कॅमेरा

लिव्हरच्या गाठीसाठी रोबो बरा की दुर्बीण, असं हल्ली कुणीही विचारतं. त्यावर शोधनिबंधांचे गठ्ठे आहेत. माझ्याकडं किस्से आहेत. ऑपरेशन थिएटरात ते साचतातच, कारण पेशंट झोपलेला असतो आणि बाकीच्यांना बाहेर जाता येत नाही! कोल्हापुरात भूल देण्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं माझ्याकडं जरा जास्तच साचले.

*

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या सर्जन सरांनी दुर्बीण आणली. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, एकातनं कॅमेरा घालायचा आणि टीव्हीवर बघत ऑपरेशन करायचं. कॅमेरा मात्र दुसऱ्या कुणीतरी धरायचा. शिकाऊ डॉक्टरांना तो काही केल्या स्थिर धरता येईना. एकाला जांभई आली की पित्ताशय टीव्हीच्या बाहेर!

“टीव्ही बघून बोट लागायची वेळ आली मला,” सर वैतागले. आमचे वॉर्डबॉय महादूमामा स्ट्रेचरपाशी उभे होते. चाळिशीचे, नेसरीकडचे. सरांनी त्यांना हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि कॅमेरा दिला. चित्र जागच्या जागी थांबलं.

कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, “म्हशीची धार काढताना हलून चालतंय व्हय?”

*

त्या काळी पेशंटला ऑपरेशनची कॅसेट द्यायचो. वारणानगरच्या एका कामगारानं ती घरी लावली. सगळी कॉलनी बघायला जमली. चार दिवसांनी त्याची बायको कॅसेट घेऊन हजर.

“म्याडम, दोनदा बघितली. आमचं मालक एकदा बी दिसलं न्हाईत. ही दुसऱ्या कुणाची तर न्हाय?”

*

लिव्हरला हात लावायला सरांनी बरीच वर्षं घेतली. लिव्हर म्हणजे रक्तानं भरलेला स्पंज. त्यामुळं दुर्बीण असली तरी पोट उघडायची हत्यारं सिस्टर शेजारी मांडूनच ठेवायच्या. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, “सर, मध्येच पोट उघडावं लागलं तर नाचक्की नाही का होणार?”

सर म्हणाले, “पोट उघडायला जो लाजतो, त्यानं दुर्बिणीला हात लावू नये.”

*

पुढं मुंबईत सर रोबो बघून आले. सगळे भोवती गोळा झालो. सर खोटं बोलणारे नव्हेत. “मनगट फिरतंय त्याचं. आपल्या काठ्या सरळच्या सरळ. टाके घालण्यात तो आपल्या पुढं हाय. पण मऊ काय, कडक काय, ते हाताला कळत न्हाय.”

मामांनी विचारलं, “कॅमेरा कोण धरतंय?”

“मशीन. सर्जन स्वतःच फिरवतो.”

मामा जरा विचारात पडले. “मग शिव्या कुणाला घालत्यात?”

*

मामांची रिटायरमेंट जवळ आली आणि त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, लिव्हरमध्ये गाठ निघाली. मोठ्या शिरेला खेटून. आईमागं मामांना त्यांनीच वाढवलेलं. सर म्हणाले, “मुंबईला रोबोकडं चिठ्ठी देतो. हितं रक्त सुटलं तर अवघड हाय.”

“आक्का म्हणत्या, महादू असंल तिथंच झोपीन.”

“मग कॅमेरा दुसरा धरंल. घरच्या माणसानं टेबलापाशी थांबायचं नसतं.”

“दुसरा हलवंल की,” मामा म्हणाले. सरांनी त्यांनाच हात धुवायला सांगितलं.

ऑपरेशनला दोन तास झाले आणि व्हायचं तेच झालं. शीर फाटली, टीव्ही लाल झाला. सिस्टरनं पोट उघडायची सुरी हातात घेतली. मी आक्काचं बीपी बघितलं, मग मामांकडं बघितलं. डोळे टीव्हीवर, हात होता तिथंच. रक्त नेमकं कुठून येतंय ते सरांना दिसलं आणि त्यांनी चिमट्यानं शीर धरली. मग टाका घातला. तासाभरात गाठ बाहेर आली. पाचव्या दिवशी आक्का आपल्या पायांनी घरी गेल्या. एवढ्या वर्षांत मला आमच्या थिएटरचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

सरांनी ती फिल्म पुण्याला सर्जनांच्या संमेलनात दाखवली. पहिल्या रांगेत रोबोवाले बसले होते. रक्त सुटलं तो भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग त्यांच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर उठले.

“एवढ्या रक्तातही कॅमेरा जराही हललेला नाही. तो धरायला काय वापरलंत?”

सरांनी माइक जवळ ओढला.

“पेशंटचा भाऊ.”