भानावर असतानाची सही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं वेगळं राहिलं. खरी नावं सांगत नाही. घरातले त्या गृहस्थांना आण्णा म्हणत, आपणही तेच म्हणू.

मी तेव्हा कोल्हापूरलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच उचगावचा एक चाळिशीतला माणूस तरातरा आत आला. लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप चालवायचा. ते उभारणारे वडील कालपासून बेपत्ता होते.

"आण्णांच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाय आता, साहेब. आक्कानंच पळवून नेलंय त्यांना. घरावर सही करून घेणार ती. अपहरणाचा गुन्हा घ्या."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, मुरगूडला दिलेली. ठाणे अंमलदाराला मी मिसिंगची नोंद करायला लावली आणि फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना आणि रिक्षावाल्यांना पाठवला. अपहरणाचं मात्र चौकशीआधी लिहून घेतलं नाही. भावाबहिणीच्या वादात जो आधी ठाण्यात पोचतो तो खराच असतो, असं नाही.

दुपारी एका रिक्षावाल्याचा फोन आला. "फोटोतल्या म्हाताऱ्यांना मीच स्टँडवर सोडलं की, साहेब. संगं एक बाई हुती, आण्णा आण्णा करत हुती. जबरदस्ती काय न्हवती. म्हातारं खुशीत हुतं."

महिला हवालदाराला घेऊन मी मुरगूड गाठलं. बहिणीने चहा पुढे केला आणि ठणकावून सांगितलं, "मला काय म्हाईत न्हाय."

मी इकडचं तिकडचं विचारत राहिलो. ती नीट उत्तरं देत होती, आणि तिथेच मला खटकलं. ज्याचं माणूस हरवतं तो पोलिसालाच प्रश्नांनी भंडावून सोडतो. कुठं दिसले, दवाखाने पाहिले का, अंगात कपडे कुठले होते. हिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"ताई," मी म्हटलं, "विसराळू बाप कालपासून घरी नाही, आणि ते जिवंत आहेत का, हेही तुम्ही मला विचारलं नाहीत."

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "त्यांनी शप्पत घातलीया, साहेब. जयसिंगपूरला हायती, दोस्ताकडं. मीच पोचवून आले."

जयसिंगपुरात आण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी त्यांचे व्यापारी मित्र आणि एक वकील. माझ्या प्रश्नांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. फक्त आजचा वार चुकला.

"त्यो चुकणारच," ते म्हणाले. "पण घर कुणाचं आणि पोरं किती, हे अजून चुकत न्हाय. डॉक्टरांनी सांगितलंय, आजार वाढत जाणार. तवर मला माझी सोय लावायची हाय."

मुलगा आपल्या नावे घराचं बक्षीसपत्र तयार करून मागे लागला होता. वकिलाला विचारतो म्हटलं की चिडायचा. म्हणून मुलीला शपथ घालून ते गुपचूप निघाले होते.

"पोरगं वाईट न्हाय, भ्यालंय. पण जिता असताना घर देऊन टाकलं, की मी माझ्याच घरात पावणा."

वकिलांनी त्यांना नीट समजावलं होतं. माणूस भानावर नसला की साध्या मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहता येत नाही. तेव्हा हयातीपर्यंत घर आण्णांच्याच नावावर राहणार होतं. माडीचं भाडं वेगळ्या खात्यात जमा होऊन त्यांच्या औषधपाण्यालाच वापरायचं होतं. पुढचं मृत्युपत्रात, डॉक्टरांचा दाखला जोडून. देखभालीचा एक वेगळा कागद मात्र त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतला होता: "मी वळखीना झालो आणि घरात झेपंना, तर मला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवा. हे मी सांगितलंय. एकमेकांला दोष द्यायचा न्हाय."

स्वखुशीने आलो, असा त्यांचा जबाब मी घेतला. गुन्हा कुठलाच नव्हता. पण मुलाला सांगणं भाग होतं, म्हणून दोघा भावंडांना तिथेच बोलावून घेतलं.

तो आला तोच बहिणीवर ओरडत. "आक्का सणाला येती! रस्त्यावरनं हुडकून आणतो मी, आंघोळ घालतो मी. ह्ये भाईर जातील म्हणून दारातच अंथरूण टाकतोय. उद्या ह्यास्नी कळंना झाल्यावर हिनं मला घराभाईर काढलं, तर मी कुठं जाऊ?"

बहिणीची मान खाली गेली. आण्णा मुलाकडे वळले.

"तू दारात झोपतोस?"

त्यांना ते कधी कळलंच नव्हतं की कळून विसरलं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. मुलगा त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आण्णांनी वकिलांना दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या. वर्कशॉप मुलाचं एकट्याचं. घर पुढे दोघांचं, पण मुलाला तिथून कुणी उठवायचं नाही. "चालंल," बहीण म्हणाली. "आणि मी म्हैन्यातला आठवडा येऊन ऱ्हाते. त्यो झोपू दे जरा."

डॉक्टरांचा दाखला मिळाला. वारसांपैकी नसलेल्या दोन साक्षीदारांसमोर सही झाली, नोंदणीही झाली. मी मिसिंगच्या नोंदीपुढे 'सुखरूप मिळून आले' असं लिहिलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या घरी गेलो. दिवसभरासाठी एक मावशी ठेवलेली होती. मुलगा आण्णांची दाढी करत होता. आण्णांनी मला निरखून पाहिलं. "पावणं, कुणीकडचं तुमी?" मी गाव सांगितलं. मग त्यांनी मुलाकडे बोट करून विचारलं, "आणि ह्यो कोण?"

"मी हितलाच हाय, आण्णा," मुलगा म्हणाला आणि गालाला परत साबण लावू लागला.

घर मुलांच्या नावावर सही करून बसल्यावर ठाण्याची पायरी चढणारी म्हातारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांच्यासाठी कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, दादही मिळते. पण तोवर घरातलं बोलणं संपलेलं असतं. आण्णांनी ते बोलणं वेळेत घडवून आणलं, पळून जावं लागलं तरी.

त्या भेटीनंतर मी आणि माझ्या बायकोने दोन्ही मुलांना समोर बसवलं. घर, औषधं, दवाखाना, अंथरुणाला खिळलो तर कोण काय करणार, सगळं काढलं. धाकटा अवघडला. "आत्ताच कशाला हे, बाबा?"

मी म्हटलं, "आत्ताच. अजून मला तुझं नाव आठवतंय."